कोठीत लावलेले दीडशे शब्द

इस्पितळाच्या कापडकोठीत कुणीही आलं तरी मावशी आधी त्याला चपला बाहेर काढायला लावी. मग तो शिकाऊ डॉक्टर असो नाहीतर मेट्रन. "इथं माणसांच्या अंगाला लागायची कापडं राहतात," एवढंच ती म्हणे आणि दारात आडवी उभी राही. मेट्रन सुरुवातीला चिडली, मग तिलाही सवय झाली, आणि पुढं पुढं तर नव्या नर्सना तीच दरडावू लागली, "चपला काढ गं बाई, नाहीतर मावशी चादर म्हणून तुझ्या हातात फरशीपुसणं ठेवील."

कोठी तळमजल्यावर, जिन्याच्या मागं. लांबट खोली, एकच उंच खिडकी, आणि दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी मांडण्या. पलीकडच्या दाराआड धुलाईची यंत्रं दिवसभर घुरघुरत. तिथून ऊन ऊन कापडं इस्त्रीवाल्याकडं जायची आणि त्याच्याकडून मावशीकडं. चादरी, अभ्रे, रोग्यांचे डगले, ऑपरेशनची हिरवी कापडं, तान्ह्या बाळांची दुपटी. सव्वीस वर्षं मावशी ती घडी करून जागेवर लावत आली होती. बोलता बोलता, पाठ फिरवून, नुसता हात मागं घालून ती हवी ती चळत ओढून द्यायची.

आणि तिची खरी कमाल जागा पाठ असण्यात नव्हती, जागा विसरण्यात होती. सव्वीस वर्षांत वॉर्ड चार वेळा इकडचे तिकडं झाले. दर वेळी सगळी कोठी नव्यानं लावावी लागली. इतर लोक महिनाभर चाचपडत, चुकीची कापडं नेत, शिव्या खात. मावशीला दोन दिवस पुरत. "जुनी जागा डोक्यातून साफ काढून टाकायची," ती इस्त्रीवाल्याला सांगे. "नाहीतर हात सवयीनं तिथंच जातो, आणि भाजलेल्या माणसाच्या अंगाखाली जाडीभरडी चादर जाते. त्याची कातडी निघते हो, आपलं काय जातंय!"

एका सोमवारी कोठीच्या दारावर नोटीस लागली. धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. तीन महिन्यांनी यंत्रं बंद. खाली काम करणारी माणसं अकरा. त्यांतली जी कुणी एक परीक्षा पास होतील त्यांना वरच्या मजल्यावर रेकॉर्ड विभागात घेणार, बाकीच्यांना मोकळं करणार. रेकॉर्डच्या फायलींत इंग्रजी शब्द असतात, भारीतले, तेव्हा ते माणसाला समजले पाहिजेत असं नव्या साहेबाचं म्हणणं. दीडशे नामांची यादी सोबत जोडली होती. त्यांतली शंभर पेपरात येणार. समोर अर्थ लिहायचा, आपल्या भाषेत लिहिला तरी चालेल. सत्तर बरोबर आली की पास.

इस्त्रीवाल्यानं यादी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. "नावं ठेवायची परीक्षा घेतली असती तर मी पहिला आलो असतो," तो म्हणाला आणि कागदाची घडी करून त्यानं इस्त्रीच्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारली.

मावशीला तसं करून भागणार नव्हतं. नवरा तिचा बस चालवायचा. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला आणि तो घरी बसला. मुलगा बाहेरगावी, त्याचं त्याला पुरेना. सून घरी, पदवी झालेली, पण नोकरीचा पत्ता नव्हता. घर चालायचं ते मावशीच्या कोठीवर. इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची, सव्वीस वर्षं वॉर्डांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून. शब्दांशी मात्र तिची ओळख नव्हती.

सुनेनं मास्तरकी अंगावर घेतली.

"म्हणा आई. ॲम्बिग्युइटी."

"ॲम्बि... पुढचं काय ते?"

"ग्युइटी. ॲम्बिग्युइटी. संदिग्धता."

"आणि संदिग्धता म्हणजे गं?"

सून जरा अडखळली. "म्हणजे... धड हेही नाही, धड तेही नाही."

"हात्तिच्या! म्हणजे आपले हे," मावशी नवऱ्याकडं हात करून म्हणाली. "पाच वर्षं विचारतेय, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं का? धड हो म्हणत नाहीत, धड नाही म्हणत नाहीत."

"मला मध्ये ओढू नका," ड्रायव्हर खुर्चीतून म्हणाला. "मी गाडी कडेला लावून बसलोय."

पहिले तीन आठवडे असेच गेले. रोज दहा शब्द घोकायचे, सकाळी उठेपर्यंत नऊ उडालेले. मावशी भाजी चिरताना पुटपुटे, नळाखाली बादली लावून पुटपुटे, आणि बादली भरून वाहे तरी शब्द भरत नसे. तीन आठवड्यांनी सुनेनं हिशेब केला तर सगळे मिळून अकरा. सुनेनं आकडा यादीच्या कोपऱ्यात बारीक लिहिला. तो बारीक आकडाच मावशीला फार लागला.

मग एक दिवस कोठीत चाळीस अभ्रे यायचे तिथं अडतीस आले. मावशीनं दोनदा मोजले, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "डिस्क्रेपन्सी." तफावत. यादीतला बावन्नावा शब्द. दुसऱ्या दिवशी ती त्या फळीपुढं गेली तर शब्द तिथंच बसलेला, अभ्र्यांच्या शेजारी, जसा ठेवला होता तसा.

 मावशीनं एका फाटक्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या, कापडांवर खुणा करायची काळी शाई काढली आणि एकेका पट्टीवर एकेक शब्द लिहून पट्ट्या फळ्यांना टाचायला सुरुवात केली. टेनॅसिटी, म्हणजे चिकाटी, हिरव्या कापडांच्या वरच्या फळीवर, कारण त्यांवरचे डाग काही केल्या सुटत नसत. फ्रॅजिलिटी, नाजूकपणा, बाळांच्या दुपट्यांवर. कॉन्व्हलेसन्स, दुखण्यातून उठून हळूहळू बरं होण्याचा काळ, तो खिडकीखालच्या डगल्यांपाशी. तिथं दुपारचं ऊन यायचं. ऑब्सोलेसन्स, कालबाह्य होणं, अगदी तळाच्या फळीवर, कुणी मागत नसलेल्या जाड ब्लँकेटांत. काही शब्दांना ना आगा ना पीछा. हायपॉथिसिस, पॅराडाइम असले लोक. त्यांना जिथं फट मिळाली तिथं तिनं बसवून दिलं.

"मावशी, वीस अभ्रे काढ," मेट्रन दारातून म्हणाली.

"हायपॉथिसिस," मावशी म्हणाली, आणि मग जीभ चावून अभ्रे काढायला वळली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही हो बाई. शेजारी बसलाय तो."

संध्याकाळी सून यादी घेऊन बसे. मावशी डोळे मिटे. शब्द ऐकला की तिची हनुवटी थोडी उचलली जाई, मान डावीकडं किंवा उजवीकडं वळे, आणि वरच्या फळीवरचा शब्द असला तर हातसुद्धा वर जाई. मग अर्थ येई, अचूक.

"बघ बघ, हात दाखवतेय," ड्रायव्हर म्हणे. "डावीकडं वळणार वाटतं."

दुसरा महिना संपता संपता सुनेनं दीडशे शब्द उलटसुलट विचारले आणि एकशेअडतीस बरोबर आले. सुनेनं तिथल्या तिथं नवऱ्याला फोन लावला. "अहो, आईंना पॅराडाइम येतं! मला नव्हतं येत!" मावशी तोंडावर पदर धरून हसत राहिली. झोपेपर्यंत मधूनच तिला हसू फुटत होतं.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना कंपनीची माणसं आली. ठरल्याच्या आधीच आली. कोठीच्या जागी त्यांना सामान उतरवायचं होतं. मांडण्या जुन्या, आतून भुसभुशीत झालेल्या. पहारी लावून त्यांनी त्या भिंतीपासून सोडवल्या आणि फळी फळी करून अंगणात टाकल्या. मावशीनं पट्ट्या गोळा करून पिशवीत भरल्या. तिला फारशी धास्ती वाटली नाही. खोली तोडली तर तोडली, तिच्या डोक्यातली कोठी शाबूत होती. त्या संध्याकाळी सुनेनं विचारलेले वीसच्या वीस शब्द तिला आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला कारकून खाली आला. गोड बोलणारा माणूस. "मावशी, सगळा माल नव्या हॉलमध्ये क्रेटांत लावायचाय. निळे क्रेट, नव्वद आहेत, नंबर घातलेले. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार सांगा?"

मावशीनं पदर खोचला. आठ दिवस ती त्या हॉलमध्ये राबली. भाजलेल्यांच्या पातळ चादरी चौसष्ट नंबरात, हिरवी कापडं एकोणतीसात, दुपटी सातात. वरचेवर लागणारं दाराशी, क्वचित लागणारं मागं. जड खाली, हलकं वर.

"अगं, जीव कशाला काढतेस?" इस्त्रीवाला म्हणाला. तो एका उलट्या क्रेटवर बसून पाय हलवत होता. "महिनाअखेरीला आपल्या सगळ्यांचा बाजार उठणार आहे. कोंब कसंही."

"उद्या कुणीतरी हात घालणार ना त्यात."

"घालू दे की. आपला हात नसणार."

मावशीनं ऐकलं नाही. तिला दुसरं येतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला क्रेटांचे नंबर बघावे लागेनात. पाचव्या दिवशी ती पाठ फिरवून, नुसत्या हातानं दाखवू लागली, आणि कारकून मान हलवून म्हणाला, "काय डोकं आहे मावशी तुमचं!"

त्याच संध्याकाळी सुनेनं, कामाच्या धबडग्यात राहिलेली उजळणी म्हणून, यादी काढली.

"टेनॅसिटी."

मावशीनं डोळे मिटले. हात वर गेला नाही. पुढं, खाली, कमरेच्या उंचीवर गेला. "हिरवी कापडं," ती म्हणाली. "एकोणतीस. दारातून आत गेलं की डाव्या हाताला."

"आई, अर्थ सांगा."

मावशीनं मनातल्या मनात एकोणतीस नंबरचा क्रेट उघडून पाहिला. आत कापडं होती, नीट लावलेली. पट्टी नव्हती. तिनं जुन्या कोठीत जायचा प्रयत्न केला. जिन्याच्या मागं गेली, दार ढकललं, तर आत निळे क्रेट. पुन्हा बाहेर येऊन पुन्हा गेली. निळे क्रेट.

"दुसरा विचार," ती म्हणाली.

सुनेनं दुसरा विचारला, तिसरा विचारला. पंधरावा विचारून झाल्यावर तिनं यादी मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं पिशवीतल्या पट्ट्या नेल्या आणि क्रेटांना बांधू लागली. दुपारी कारकून आला. कंपनीचा माणूस सोबत होता. "या चिंध्या कसल्या?" त्या माणसानं विचारलं. कारकुनानं हसत हसत सगळ्या सोडवल्या, चुरगाळून कचऱ्यात टाकल्या. मावशी काढायला वाकली तसा तो म्हणाला, "राहू द्या हो मावशी, झाडणारी बाई बघेल." मावशी सरळ झाली. कंपनीच्या माणसासमोर कचऱ्यात हात घालायची तिला लाज वाटली. पुढं कितीतरी दिवस तिला त्या लाजेचाच राग येत राहिला.

राहिलेले दिवस सुनेनं तिला झोडपून काढलं. एकेक शब्द पन्नास वेळा लिहायला लावला. मावशीची बोटं शाईनं बरबटली. पाटी कोरी ती कोरीच.

"आई, अर्थ डोक्यात ठेवायचा असतो," सून एकदा वैतागून म्हणाली. "कुठल्यातरी फळीवर नाही."

"डोक्यात म्हणजे कुठं?" मावशीनं विचारलं. ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तू सांग ना. तुला येतात ना सगळे? डोक्यात कुठं ठेवतेस तू?"

 सून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

परीक्षा सकाळी दहाला, नर्सच्या जेवणघरात. लांब टेबलांवर अंतर सोडून अकरा जण बसले. पेपर हातात आला तेव्हा मावशीला वाटलं, सगळे ओळखीचे आहेत. नात्यातल्या गर्दीत चेहरा न् चेहरा ओळखीचा असावा आणि कोण कुणाचा कोण ते आठवू नये, तसं झालं. डिस्क्रेपन्सी लिहिली. ॲम्बिग्युइटी लिहिली, कारण नवरा डोळ्यांसमोर आला. अशी पस्तीस-चाळीस निघाली. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता आणि कागद अर्ध्याहून जास्त रिकामा होता. रिकामी जागा मावशीला बघवत नसे. मग जे थोडं थोडं हाताला लागत होतं तेच ती लिहू लागली. फ्रॅजिलिटी, समोर लिहिलं, दुपटी. कॉन्व्हलेसन्स, खिडकी. ऑब्सोलेसन्स, जाड ब्लँकेट. टेनॅसिटी, हिरवा डाग. एकही ओळ तिनं कोरी सोडली नाही.

दोन दिवसांनी निकाल लागला. तिघं पास. झाडणारी तरुण बाई, यंत्रावरचा एक आणि एक ओझी उचलणारा, ज्याच्याकडून कुणालाच आशा नव्हती. मावशीला अडतीस. इस्त्रीवाल्याला चार, आणि तो ते सगळ्यांना बोटांवर दाखवत फिरत होता.

ऑफिसात मावशीचा पेपर हातोहात फिरला. ती सही करायला वर गेली तेव्हा दारातच तिच्या कानावर आलं. "फ्रॅजिलिटी म्हणजे काय रे?" "दुपटी!" आणि खसखस पिकली. कारकुनाचं हसणं तिनं ओळखलं. ती आत गेली तसं सगळे आपापल्या फायलीत शिरले.

मेट्रन पेपर घेऊन साहेबाकडं जाऊन आली होती. काही झालं नव्हतं. तिनं मावशीला जिन्यात गाठलं आणि पेपर पुढं धरला. "अगं, हे काय लिहून ठेवलंस? खिडकी? कुणाला काय सांगू मी?"

"तिथंच होता तो, बाई," मावशी म्हणाली. "खिडकीपाशीच होता."

 आपल्याला काहीतरी कळायला हवं होतं आणि कळलं नाही, असा मेट्रनचा चेहरा झाला. मग तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि घाईनं वर निघून गेली. वॉर्डात घंटा वाजत होती.

महिनाअखेरीला मावशी घरी बसली. तिसऱ्या दिवशी फोन आला. कारकून होता. "मावशी, भाजलेल्यांच्या पातळ चादरी कुठल्या क्रेटात आहेत हो? सगळे शोधून थकलो."

"चौसष्ट. वर दुसरा क्रेट असेल, तो बाजूला करा. खालचा थर घ्या, वरच्याला शिवण आहे."

मग रोजच फोन येऊ लागले. कधी दोन, कधी चार. सून धुमसत होती. "सांगू नका ना आई! तुम्हाला हसून घरी पाठवलं आणि आता कुठल्या तोंडानं विचारतात?"

"कुणीतरी उघड्या अंगानं पडलं असेल गं तिथं," मावशी म्हणे आणि नंबर सांगे.

अकरा दिवस असं चाललं. मग फोन बंद झाले. मावशी फोन जवळ घेऊन बसू लागली. भाजी निवडताना शेजारी, कपडे वाळत घालताना कमरेला. पाचव्या दिवशी तिनं आपण होऊनच लावला.

"अहो मावशी!" कारकून तसाच गोड. "क्रेट गेले की सगळे. कंपनीनं उचलून नेले. आता रोजची कापडं रोज येतात गाडीतून, लावायबिवायची भानगडच नाही. काही काम होतं का?"

"नाही," मावशी म्हणाली. "सहज."

क्रेट इस्पितळातून गेले. मावशीच्या डोक्यातून मात्र जाईनात. आजवर नवी मांडणी आली की जुनी निघून जायची. आता त्यांच्या जागी यायला नवीन काही नव्हतं. डोळे मिटले की एक ते नव्वद, निळे, ओळीनं, ज्यांना कुणी हात लावणार नाही असे. सुनेनं एकदा भीत भीत यादी पुढं केली. दुसऱ्या कुठल्या इस्पितळात म्हणे असल्याच शब्दांची परीक्षा होती. मावशीनं ती घेतली, पहिला शब्द वाचला, आणि तिच्या डोळ्यांपुढं पहिला क्रेट आला. तिनं यादी परत दिली.

एका सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले. पुसले, आणि नव्या जागी लावले. मोठे होते तिथं छोटे, डावीकडचे उजवीकडं. लावून झाल्यावर पाठ फिरवून उभी राहिली आणि डोळे मिटले. डबे लगेच पाठ झाले. नऊच होते. त्यांच्या मागं नव्वद क्रेट जिथल्या तिथं.

ड्रायव्हर चहा करायला आत आला. त्याला डबे नीट दिसत नसत, हातानं कळत. त्यानं सवयीनं हात वर केला, चाचपला, झाकण उघडलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मीठ होतं.

"अगं, साखर कुठं गेली?"

"उजवीकडून तिसरा," मावशी डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं उजवीकडं हात नेला. मोजत, एकेका डब्यावर बोटं फिरवत, सावकाश.